कॉम्प्युटर बंद पडायचा तो ऑक्टोबर

ऑक्टोबर आला की तो आधी माझ्या तळपायांना कळतो. लोअर परळच्या ऑफिसातून संध्याकाळी बाहेर पडते तेव्हा ऊन उतरलेलं असतं, पण फुटपाथ दिवसभर प्यालेली आग चपलांमधून वर सोडत असतो. पावसाळाभर ओली राहिलेली मुंबई एकाएकी ठणठणीत कोरडी होते. खणलेल्या रस्त्यांची माती उडायला लागते, वाळत घातलेली चादर बघता बघता कडक होते आणि माणसांच्या बोलण्यालाही कोरडी धार येते. बसच्या रांगेत, भाजीवाल्यापाशी, ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळे एकमेकांवर थोडे थोडे खेकसत असतात. कोणाचाच कोणावर राग नसतो. उकडत असतं, इतकंच.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा जिना चढून मी दुसऱ्या मजल्यावर येते आणि गॅलरीतूनच कान लावते. आतून तो बारीक, भरभर बोलणारा आवाज येत असला की निवांतपणे चपला काढते. ही सवय मागच्या ऑक्टोबरने लावली. तो आवाज हेमाताईंच्या कॉम्प्युटरचा.

हेमाताई माझी मोठी नणंद. लहानपणी गोवरात त्यांची दृष्टी गेली. फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या आणि त्याच खुर्चीत त्यांनी पन्नाशी ओलांडली. सासूबाई गेल्यापासून या दोन खोल्यांत आम्ही तिघंच असतो: ताई, माझा नवरा विलास आणि मी. ताईंचा कॉम्प्युटर पडद्यावरचं अक्षर न् अक्षर बोलून दाखवतो. त्या तो इतक्या वेगाने लावतात की मला नुसती तडतड ऐकू येते, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. त्यांना त्यातली वेलांटीसुद्धा कळते.

मागच्या वर्षी पाऊस संपता संपता त्यांच्या ऑफिसातला टेलिफोनचा बोर्ड काढून टाकला. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, बोर्डाला विचारतो कोण! ताईंची खुर्ची ठेवली, टेबल ठेवलं, काम तेवढं काढून घेतलं. सकाळी डबा घेऊन जायचं, दिवसभर मोकळ्या टेबलावर हात ठेवून बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

"कोणी वाईट वागत नाही गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "चहासुद्धा हातात आणून देतात. पण मी आले की आवाज खाली करतात. आजारी माणसाच्या खोलीत करतात ना, तसा."

त्याच ऑफिसात सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणारा एक विभाग होता. तिथे जायचं तर दिवाळीनंतर परीक्षा द्यावी लागणार होती. नाही जमली, तर साहेबांनी गोड शब्दांत सुचवलं होतंच, की आता घरी आराम करा. ताईंना आराम या शब्दाची भीती वाटायची. त्यांनी घरी सरावासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं.

विलास म्हणाला, "लॅपटॉप घेऊन टाक ना सरळ. डबा उघडला की चालू."

"मला बंद डबा नको, विलू," ताई म्हणाल्या. "कुठे काय आहे ते माझ्या हाताला माहीत पाहिजे. आपण सुटे भाग आणू. मी आणि रंजना जोडू."

रंजना म्हणजे मी. मी एका ऑफिसात हिशेब बघते; मिक्सरचं झाकण बसवण्यापलीकडे कधी काही जोडलेलं नव्हतं. पण ताईंनी माझ्या नावानिशी सांगितलं आणि मला नाही म्हणवेना. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून भाग आणले. मोबाइलवर व्हिडिओ लावून एका रविवारी आम्ही दोघी जमिनीवर चटई टाकून बसलो. व्हिडिओत काय दिसतंय ते मी सांगायचं आणि ताईंनी हाताने चाचपून बघायचं. मदरबोर्डवरून त्यांची बोटं अशी फिरत होती, जशी नव्या घरात आलेली बाई फडताळं उघडून बघते. मेमरीच्या दोन पट्ट्या, ज्याला सगळे रॅम म्हणतात, त्या त्यांनीच बसवल्या. खाचेवर पट्टी धरली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि टक् असा आवाज आला. दुसरी बसवली, पुन्हा टक्. "बसली," त्या म्हणाल्या. बाकीचे स्क्रू मी पिळले. दुपार कलता कलता कॉम्प्युटर सुरू झाला, आणि त्यातला आवाज पहिल्यांदा बोलला तेव्हा ताई आवाज कुठून येतोय तिकडे तोंड करून हसल्या. शेजारच्या राणेकाकू दारात उभं राहून सगळा सोहळा बघत होत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. "बायांनो, तुमी तर कारखानोच काढल्यात गो," म्हणाल्या.

दोन-चार दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, आणि आतल्या खोलीतला आवाज एका अक्षरावर अडकला. किर्रर्र असा लांब, एकसुरी आवाज आला, आणि मग काहीच नाही.

"रंजना," ताईंनी हाक मारली. "गेला."

डोळसाचा कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा निदान निळा पडदा समोर येतो, त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. ताईंच्या बाजूला नुसती शांतता. बोलणारं माणूस वाक्याच्या मधोमध उठून निघून जावं, तशी. मी पिठाच्या हाताने गेले आणि पडद्यावरचं इंग्रजी एकेक अक्षर करून वाचलं. वाचून होईस्तोवर तो आपोआप पुन्हा सुरू झाला. ताईंनी टाइप केलेलं सगळं पान गेलं होतं.

त्यानंतर तो महिनाभर माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला. गेला. भाजी फोडणीला टाकली की गेला. आंघोळीचं पाणी काढलं की गेला. ऑफिसातून येऊन जरा भिंतीला पाठ टेकली की आतून हाक, "रंजना, गेला." त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढला असता तर मलाही चिडता आलं असतं. मी उठायचे, वाचायचे, परत येऊन बसायचे. पडद्यावरची चूक दर वेळी वेगळी. ताई त्या सगळ्या पाठ ठेवायच्या आणि म्हणायच्या, "कालची वेगळी होती. परवाची आणखी वेगळी. याला नक्की काय होतंय तेच याला कळत नाहीये."

आधी आम्ही उकाड्याला दोष दिला. ते सोपंही होतं. त्या महिन्यात सगळेच सगळ्याचा दोष उकाड्याला देत होते. कॉम्प्युटरच्या खोक्याचा बाजूचा पत्रा काढून ठेवला आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. आम्ही तिघं घामाने निथळत बसायचो आणि कॉम्प्युटरला वारा. विलास बनियनवर जेवायला बसला आणि म्हणाला, "या घरात जावई आलाय वाटतं." आम्ही हसलो. त्याच जेवणात तो पुन्हा बंद पडला.

मग विजेवर संशय गेला. खालची पाण्याची मोटर सुरू झाली की आमच्याकडचा दिवा जरा मिटमिटतो, हे चाळीत सगळ्यांना माहीत. वायरमनला बोलावून त्या खोलीची वायर बदलली, अर्थिंग नीट करून घेतलं. राणेकाकूंनी आपला जुना फ्रिजचा स्टॅबिलायझरही आणून दिला, "लावून बघा, जाता काय आपला." लावला. मोटर बंद असताना, दिवा स्थिर असताना, भर दुपारी गेला. मग विंडोज पुसून परत घातलं. त्यात एक अख्खी सुट्टी गेली, आणि त्या रात्री मी ताटावर बसल्या बसल्या पेंगले.

विजयादशमीला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेलो. ताईंनी माझा दंड धरला होता. वंदना संपल्यावर बायका भेटत होत्या, एकमेकींच्या घरचं विचारत होत्या. एकीने ताईंना विचारलं, "काय मग, नवीन कॉम्प्युटर घेतला म्हणे?" ताई म्हणाल्या, "घेतला ना. छान आहे." येताना रस्त्यात मी म्हटलं, "छान काय ताई, छळतोय मेला." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "रंजना, माझाच हात लागला असणार बघ कुठेतरी. मी ती पट्टी जोरात दाबली असेन."

हे वाक्य या घरात जुनं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. बरणी फुटली, हेमाचा हात लागला असेल. भिंतीवरचं घड्याळ पडलं, रेडिओचं बटण तुटलं, हेमाचा हात लागला असेल. सासूबाई हे रागाने म्हणायच्या नाहीत. पाऊस पडतोय म्हणावं तशा म्हणायच्या, आणि लगेच केरसुणी घेऊन काचा भरायच्या. ताईंनी कधी वाद घातला नाही. घालणार कशाच्या जोरावर? दिसत नव्हतं, त्यामुळे आपला हात लागला नाही हेही त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं. पुढे पुढे कोणी म्हणायच्या आत त्याच म्हणायला लागल्या.

थकवा म्हणजे काय, ते मला त्या महिन्यात नीट कळलं. कामाने पाय दुखतात, ते झोपलं की उतरतं. पण एखादी गोष्ट कशामुळे बिघडते आहे हे न कळता तिच्याभोवती रोज फिरत राहायचं, काल करून पाहिलेलं आज पुन्हा करायचं, थोडी आशा धरायची आणि तासाभरात ती सोडायची, हा शीण झोपेने जात नाही. सकाळी उठल्यावर तो आपल्याआधी उठलेला असतो. बसमध्ये खिडकीपाशी बसून मी दुकानांवर टांगलेले नवे आकाशकंदील बघायचे आणि दिवाळी येतेय याचा आनंद व्हायच्या ऐवजी उरलेले दिवस मोजायचे. परीक्षा जवळ आली होती. सलग सराव असा ताईंचा झालेलाच नव्हता.

तरी तोडगा शेवटी ताईंनाच सुचला. त्या शनिवारी माझी सुट्टी होती. लालबागच्या चिवडा गल्लीतून पोहे, डाळं, खोबऱ्याचे काप घेऊन मी घामेजून आले, तर ताई कॉम्प्युटर बंद करून त्याच्यापुढे बसल्या होत्या.

"आमच्या बोर्डाच्या लाइनीत खरखर आली ना," त्या म्हणाल्या, "की आम्ही सगळंच्या सगळं बदलत नव्हतो. एकेक जोडणी काढून बघायचो. खरखर कोणाबरोबर जाते, ते बघायचं. आपण सगळं एकदम करतोय, रंजना. तू मेमरी तपासायचा तो प्रोग्रॅम म्हणत होतीस, तो लाव."

त्या प्रोग्रॅमला आवाज नव्हता. नुसते आकडे आणि रेघा. मी स्टुलावर बसून रेडिओवर मॅचचा स्कोअर सांगावा तसं वाचत होते. "चाललंय... अजून चाललंय... सगळं ठीक..." आणि मग पडद्यावर लाल ओळी उमटायला लागल्या. एक, दोन, मग भराभर.

"ताई, लाल आलं."

"म्हणजे मेमरीच," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता. "पट्टी खराब असेल, नाहीतर खाच. खाच असेल तर माझ्या दाबण्याने गेली."

मी म्हटलं, "कशाला आधीच ठरवताय?" आणि कॉम्प्युटर बंद केला.

त्यांनीच दोन्ही पट्ट्या काढल्या. पहिली एका खाचेत बसवली. टक्. तपासणी लावली. आम्ही पोहे निवडत बसलो, मी मधूनमधून मान वर करून सांगत होते. एकही लाल ओळ नाही. मग ती काढून त्याच खाचेत दुसरी. आता ताईंनी पोहे बाजूला ठेवले आणि हात मांडीवर घेतले. थोड्या वेळातच पडदा लालेलाल झाला. खाच तीच, पट्टी दुसरी.

"आता दुसऱ्या खाचेत," ताई म्हणाल्या. खराब पट्टी दुसऱ्या खाचेत घातली, लाल. चांगली पट्टी तिथे घातली, काही नाही. खरखर पट्टीबरोबर फिरत होती. दोन्ही खाचा धडधाकट होत्या.

पण पट्टी तरी मुळातच खराब होती की हाताळताना गेली, हा प्रश्न उरलाच. विलास संध्याकाळी कामावरून आला आणि सगळं ऐकून सहज बोलून गेला, "बसवताना काहीतरी झालं असेल." ताईंनी मान हलवली. मला वाटलं, झालं, आता ही बाई हे असंच मान्य करून टाकणार. मी म्हटलं, "सोमवारी अर्धी रजा टाकते. दुकानात जाऊ. ताई, तुम्हीपण चला."

लॅमिंग्टन रोडला दुपारची वेळ, ऊन डोळ्यांत टोचत होतं. दुकानातल्या माणसाने पट्टी हातात घेतली, ताईंच्या काळ्या चष्म्याकडे आणि काठीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "किसने लगाया था, मॅडम?"

"मैंने," ताई म्हणाल्या.

"अच्छा," तो म्हणाला. त्या एका शब्दातलं सगळं मला ऐकू आलं, आणि ताईंना तर आलंच असणार. त्याने पट्टी आपल्या मशीनमध्ये लावली. काउंटरवर टेकून आम्ही उभ्या होतो. माझ्या दंडावरची ताईंची पकड घट्ट होत गेली. तेवढ्यात त्याने आत हाक मारून कोणाला काहीतरी विचारलं, खोके उलटेपालटे करून त्यावरचे नंबर बघितले आणि परत आला.

"पीसच खराब है," तो म्हणाला. "इस लॉट के और भी वापस आए हैं. कंपनी से ही ऐसा निकला. आपने बराबर लगाया था, ताई." बोलता बोलता तोही त्यांना ताई म्हणाला. पट्टी त्याने तिथल्या तिथे बदलून नवी दिली.

टॅक्सीत मी बडबडत होते. "बघा, म्हटलं नव्हतं मी? तुमचा काही संबंध नव्हता." ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. गरम वारा त्यांच्या कपाळावरचे केस उडवत होता. मला वाटलं, त्या खूश होतील. घरी येऊन त्यांनी नवी पट्टी बसवली, कॉम्प्युटर सुरू केला, तो बोलायला लागला, आणि त्याला बोलता ठेवूनच त्या पलंगावर येऊन बसल्या. विलास पाण्याचा ग्लास घेऊन आला.

"विलू," त्या म्हणाल्या, "आईची ती लोणच्याची बरणी. ते घड्याळ. रेडिओ. त्यातलं खरंच माझ्या हातून किती गेलं असेल रे?"

विलासने ग्लास खाली ठेवला.

"मला माहीत नाही, ताई."

"कोणालाच माहीत नाही. तेव्हा कोणी तपासलंच नाही ना."

एवढंच त्या बोलल्या. त्यात तक्रार नव्हती, रडणं नव्हतं. हिशेब लिहिताना पानाच्या तळाशी रक्कम यावी तसं ते वाक्य आलं. विलास त्यांच्या शेजारी बसला. सासूबाई असत्या तर त्याही अशाच येऊन बसल्या असत्या. त्यांनी आयुष्यभर याच लेकीचं ताट आधी वाढलं होतं. माणसं वाईट नसतात आणि तरीही कोणाच्या तरी हातावर न केलेल्या गोष्टींचं ओझं चढत जातं, हे मला त्या पलंगाकडे बघताना पहिल्यांदा दिसलं. कॉम्प्युटर एकीकडे तडतडत होता. कोणीही उठून तो बंद केला नाही.

त्यानंतर तो बंद पडला नाही. दिवाळीत फराळाची भांडी घासताना, गॅलरीत कंदील लावताना आतून कीबोर्डचा पाऊस चालू असायचा. मी मात्र सवयीने थबकायचे. हाक येईल म्हणून हातातलं काम अर्धवट धरून उभी राहायचे. हाक यायची नाही, आणि मग पाय किती दुखताहेत ते कळायचं.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. जुनी दगडी इमारत, उंच छताचा व्हरांडा, भिंतीला लागून एक लांब बाक. ताई आत गेल्या आणि मी बाकावर बसले. खालून वाहनांचा आवाज येत होता, कुठेतरी शिक्का मारल्याचा ठक ठक आवाज. त्या महिनाभराची झोप तिथे, त्या परक्या बाकावर, एकदम आली. मान भिंतीला टेकवून मी गाढ झोपले.

जाग आली ती काठीच्या आवाजाने. ताई समोर उभ्या होत्या.

"किती वेळ झाला? कसा गेला?" मी धडपडत उठले.

"मधेच त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला," ताई म्हणाल्या.

मी त्यांचा दंड धरला. "मग?"

"परीक्षा घेणारे गृहस्थ धावत आले. म्हणाले, मॅडम, तुमचा हात लागला का कुठे?" ताईंनी काठीची घडी घातली. "मी म्हटलं, मी फक्त टाइप करत होते. आधी तपासा, मग बोला."

"असं म्हणालात?"

"हो. मग त्यांनी माणूस बोलावला, टेबलाखाली वाकून बघायला लावलं. मागची वायर सैल होती. सॉरी म्हणाले, गेलेला वेळ वाढवून दिला. मी पूर्ण केला पेपर."

त्यांना तो विभाग मिळाला. आता त्या रोज कानाला हेडफोन लावून लोकांच्या सुनावण्या टाइप करतात. घरी येऊनही कधी कधी सरावाला बसतात, आणि मी गॅलरीत उभी राहून ऐकते. पण निकाल लागला तो दिवस मला तेवढा आठवत नाही. आठवतो तो व्हरांडा. मी पर्स उचलली, म्हटलं, "चला, बस बघू या."

ताई हलल्या नाहीत. हाताने बाकाची कड शोधली, बसल्या आणि मलाही शेजारी ओढलं. मग त्यांनी पाय लांब केले, चपला काढल्या आणि उघडे तळवे त्या थंड दगडी फरशीवर ठेवले.

"थोडं बसू गं," त्या म्हणाल्या. "दमले मी."